तळमळ आणि जागर : ‘स्मृतिचित्रें’ या ग्रंथाकडे पाहण्याची एक दृष्टि

उतारवयांत झोंप कमी होते ही गोष्ट इतकी सर्वपरिचित आहे, कीं तिच्याविषयीं कांहीं लिहावें असें सहसा कोणास वाटत नाहीं. दिवसां कामाच्या, माणसांच्या आणि बोलण्याच्या गर्दींत जी चिंता दबून राहते, ती दिवा मालवल्यावर उठून बसते. परगांवीं असलेल्या मुलाचें कसें होईल, आपल्यामागें हिच्याकडे कोण पाहील, उद्यां हातपाय चालेनासे झाले तर काय करावें, या प्रश्नांस रात्रीं जेवढें बळ असतें तेवढें सकाळीं उरत नाहीं. १९९८ सालीं अकोल्यापासून निराळा झालेला आमचा वाशीम जिल्हा मोठ्या शहरांपासून दूर. येथून शिकलेलीं मुलें पुण्यामुंबईस आणि त्याहूनही पलीकडे जातात; वडील माणसें मागें राहतात. त्यामुळें अशा जागत्या घरांची येथें वाण नाहीं. वैद्यानें पाहावा असा निद्रानाश निराळा. त्यास औषध हवें, प्रवचन नको. परंतु ज्या जागेपणाचें मूळ भयांत आहे, त्यासंबंधीं वाङ्मयास कांहीं सांगतां येतें कीं नाहीं, हा प्रश्न टीकाकारानें टाळण्याजोगा नाहीं.

मराठी भाषेनें या बाबतींत एक सूक्ष्म भेद करून ठेवला आहे. अंथरुणावर पडून डोळा न लागणें ही तळमळ. आणि एकादशीस किंवा खंडोबाच्या नांवानें बुद्ध्या जागणें हा जागर. दोहोंतही रात्र तीच आणि काळोखही तोच. पण पहिल्या जागेपणांत माणूस स्वतःच्याच भोंवतीं फिरत असतो आणि दुसऱ्यांत तो दुसऱ्या कोणाच्या तरी सेवेस उभा असतो. धर्मश्रद्धेनें उत्तरायुष्यांत शांति मिळते असें आपण म्हणतों. ती शांति झोंपेच्या रूपानें मिळते, कीं तळमळीचा जागर होण्याच्या रूपानें? आमच्या मतें दुसरें उत्तर खरें आहे. आणि मराठींत त्याचा सर्वांत भरंवशाचा पुरावा लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रें’ या ग्रंथांत सांपडतो.

हा पुरावा एका ख्रिस्ती स्त्रीच्या आत्मचरित्रांत सांपडावा यांत नवल नाहीं. आमच्या संतांनीं मनाची तळमळ कांहीं कमी सांगितलेली नाहीं. तुकोबांनीं तर अहोरात्र चाललेल्या झुंजीची भाषा वापरली. परंतु अभंग हा त्या त्या क्षणाचा उद्गार असतो. त्या क्षणानंतर दुसऱ्या दिवशीं घरांत दाणे होते कीं नव्हते, मूल आजारी होतें कीं बरें, आणि मिळालेली शांति तिसऱ्या दिवसापर्यंत टिकली कीं नाहीं, हें अभंग सांगत नाहीं. सांगण्याचें त्याचें कामही नव्हे. तें काम गद्य आत्मचरित्राचें आहे. आणि ज्यांस समाजानें ‘तुम्ही असें कां केलें’ म्हणून जाब विचारला, त्या ख्रिस्ती झालेल्या माणसांस आपली हकीगत गद्यांत सांगणें प्राप्तच होतें.

त्यांतील पहिली महत्त्वाची हकीगत बाबा पदमनजींची. त्यांचा बाप्तिस्मा १८५४ सालीं बेळगांवीं झाला आणि ‘अरुणोदय’ हें त्यांचें आत्मचरित्र १८८४ त प्रसिद्ध झालें. नांवांतच ग्रंथाची रचना उघड होते. आधीं रात्र, मग पहांट; बाप्तिस्म्याशीं येतांच ग्रंथाचें कार्य झालें. शंका, वादविवाद, घरच्यांचें दुःख आणि अखेरचा निश्चय यांचें त्यांतील चित्र प्रामाणिक आहे यांत संशय नाहीं. पण तरुणपणाच्या एका रात्रीचा शेवट म्हणजे आयुष्यांतील सर्व रात्रींचा शेवट नव्हे. संसार, आजारपण, मृत्यु आणि म्हातारपण यांची जी दुसरी रात्र पुढें यावयाची असते, ती अशा रचनेंत दृष्टीच्या बाहेरच राहते.

पंडिता रमाबाईंनीं या रचनेस पहिला छेद दिला. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें झाला; परंतु १९०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी साक्षींत त्यांनीं स्पष्ट सांगितलें, कीं बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षें आपल्याजवळ ख्रिस्ती धर्म होता पण ख्रिस्त नव्हता; मनास स्वस्थता आली ती पुष्कळ पुढें. एवढ्या मोठ्या विदुषीनें, जिच्या धर्मांतरावर दोन्ही बाजूंचे डोळे लागलेले होते तिनें, अशी कबुली द्यावी ही साधी गोष्ट नव्हे. बाप्तिस्मा आणि शांति या दोन निराळ्या वस्तु आहेत हें त्यामुळें एकदां उघडपणें लिहिलें गेलें. तथापि ही साक्ष आटोपशीर आहे आणि तिचा रोख तत्त्वाकडे आहे. तींत मन दिसतें, घर दिसत नाहीं.

घर दिसतें तें ‘स्मृतिचित्रां’त. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालीं नाशिकजवळील जलालपूर गांवीं झाला. लहानपणींच नारायण वामन टिळकांशीं त्यांचें लग्न झालें. १८९५ सालीं टिळक मुंबईस ख्रिस्ती झाले. पांचएक वर्षांनीं लक्ष्मीबाईंनींही तोच मार्ग स्वीकारला. १९१९ त टिळक वारले. मुलाच्या आग्रहावरून बाईंनीं आठवणी लिहूं घेतल्या आणि १९३४ पासून त्या भागाभागांनीं पुस्तकरूपानें निघूं लागल्या, तेव्हां बाईंची पासष्टी उलटलेली होती. १९३६ त त्या निवर्तल्या. म्हणजे हा ग्रंथ बालपणापासून सुरू होत असला तरी तो सांगणारा आवाज म्हातारपणाचा आहे. आणि तो आवाज निर्भय आहे. ही निर्भयता कोठून आली, हाच खरा प्रश्न.

आमच्या वाचकवर्गांत या ग्रंथाकडे पाहण्याच्या दोन रीती रूढ आहेत. बहुसंख्य वाचक त्यांतील विनोदावर आणि जुन्या घरगुती जीवनाच्या चित्रांवर लुब्ध असतात. ख्रिस्ती धर्म हा त्यांच्या लेखीं कथानकांतील एक प्रसंग, आणि तो जरा अवघड म्हणून भरभर उलटावयाचा. ख्रिस्ती वाचक बहुधा त्यास साक्षग्रंथ मानतात. विनोद हा त्यांच्या लेखीं वरचा अलंकार. दोघांच्याही हातून ग्रंथाचा गाभा निसटतो. बाईंचा विनोद हाच त्यांच्या शांतीचा पुरावा आहे. ज्या गोष्टींनीं एके काळीं उरांत धडकी भरत असे, त्या हंसत सांगतां येणें, आणि तेंही त्या गोष्टींस क्षुद्र न ठरवतां, हें भय गेल्यावांचून साधत नाहीं.

आतां हें भय कोणतें तें पाहूं. ग्रंथ सुरू होतो तोच भयानें भारलेल्या एका घरांत. १८५७ च्या धामधुमींत बाईंच्या आईच्या वडिलांस फांशी झाली आणि त्या आघातानंतर बाईंच्या वडिलांच्या मनांत सोंवळ्याचें वेड शिरलें. बाजारांतून आणलेला जिन्नस धुतल्यावांचून घरांत यावयाचा नाहीं, कोणाचा स्पर्श कोठें झाला असेल याची रात्रंदिवस धास्ती, आणि त्या धास्तीपायीं घरांतल्या बायकामुलांचे हाल. बाईंनीं हें सारें अशा कांहीं खुबीनें सांगितलें आहे, कीं वाचक आधीं हंसतो आणि मग चपापतो. येथें धर्म म्हणजे पहारा. देव रक्षण करील हा विश्वास नाहीं, तर आपण क्षणभर डोळा मिटला कीं अनर्थ ओढवेल ही भीति. ज्या मुलीचें बालपण अशा पहाऱ्यांत गेलें, तिच्या मनांत धर्म आणि चिंता यांची गांठ पक्की बसली असल्यास नवल नाहीं. आणि ही गोष्ट एकट्या तिच्या वडिलांची नव्हे. आपल्यांतील कित्येकांची देवपूजा आजही विश्वासापेक्षां धास्तीनेंच अधिक चालते, हें मनाशीं तरी कबूल केलें पाहिजे.

दुसरें भय नवऱ्यापासूनचें. टिळक प्रतिभावान, उदार आणि प्रेमळ. पण तितकेच शीघ्रकोपी आणि लहरी. हातीं आलेला पैसा कोणास देऊन टाकतील आणि घरांतून न सांगतां कधीं निघून जातील याचा नेम नसे. अशा माणसाच्या बायकोनें किती रात्री दाराकडे कान लावून काढल्या असतील! आणि १८९५ सालीं तर जिची धास्ती तीच गोष्ट घडली. नवरा ख्रिस्ती झाला; जात, घर, मान, सौभाग्याचा अर्थ, सर्वच एकाएकीं पायांखालून सरकलें. पंढरपुरास नातेवाइकांकडे काढलेला तो काळ हा या ग्रंथांतील सर्वांत काळोखाचा भाग होय. त्याच दुःखांत बाईंच्या तोंडीं कविता आली. येथें ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट अशी, कीं ही चिंता मनाचा खेळ नव्हती. तिचें कारण खरें होतें. म्हणून ‘चिंता करूं नये’ एवढ्या उपदेशानें तिचें समाधान होण्यासारखें नव्हतें. मग तो उपदेश गीतेच्या आधारें केलेला असो वा शुभवर्तमानाच्या.

मग श्रद्धा आली कशी? टिळकांची वाट भावनेची होती. १८९३ च्या सुमारास नागपुराहून राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका युरोपियन गृहस्थानें त्यांस नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनानें त्यांचें मन धरलें. आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलों असें ते पुढें सांगत. लक्ष्मीबाईंच्या निर्णयाचा कणा निराळा आहे. टिळकांजवळ राहावयास आल्यावरही त्यांनीं आपलें सोंवळें आणि आपली चूल वेगळी ठेवली होती. एके दिवशीं विचार करतां करतां त्यांस पटलें, कीं उंचनीच हा भेद देवानें निर्माण केलेला नाहीं, माणसांनीं केला आहे. तें पटल्यावर त्यांनीं पाण्याचा विटाळ सोडला. बाप्तिस्मा मागाहून आला. ग्रंथांतील हा क्रम आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. शांति मिळावी म्हणून त्यांनीं श्रद्धा धरली नाहीं; आधीं पहारा उठला, मग श्रद्धा आली, आणि शांति तर कोणी न बोलावतां, कित्येक वर्षांनीं, हळूहळू घरांत येऊन राहिली. वडिलांच्या घरीं जो स्पर्श सर्व भयांचें मूळ होता, तोच स्पर्श पुढें बाईंच्या आयुष्याचें काम झाला. अनाथ मुलें त्यांनीं घरांत घेतलीं. प्लेगच्या दिवसांत लोक ज्यांच्यापासून दूर पळत, त्या रोग्यांची त्यांनीं शुश्रूषा केली. पहारा तर अजूनही होताच. पण आतां तो स्वतःच्या सोंवळ्यावर नव्हता, दुसऱ्याच्या उशाशीं होता.

ख्रिस्ती शास्त्राच्या दृष्टीनेंही हा बदल नीट समजण्यासारखा आहे. शुभवर्तमानांत येशूच्या दोन रात्री प्रसिद्ध आहेत. एक सरोवरावरील वादळाची : होडींत पाणी भरत आहे, शिष्य घाबरले आहेत आणि येशू उशीवर डोकें ठेवून निजला आहे. दुसरी गेथशेमाने बागेंतील : शिष्य निजले आहेत आणि येशू एकटा जागा राहून व्याकूळपणें प्रार्थना करीत आहे. प्रवचनकारांस पहिली रात्र अधिक आवडते, कारण तींत झोंपेचें आश्वासन आहे. पण ज्याच्यावर विश्वास ठेवावयाचा तोच जर दुसऱ्या रात्रीं जागा आणि दुःखी होता, तर जागेपण म्हणजे श्रद्धेचा अभाव असें म्हणतां येत नाहीं. त्या बागेंत त्यानें शिष्यांजवळ मागितलें तें एवढेंच, कीं माझ्याबरोबर जागे राहा. श्रद्धेची ही बाजू लक्ष्मीबाईंनीं सिद्धांत म्हणून कोठें मांडलेली नाहीं. त्यांच्या वागण्यांत ती दिसते.

वाशीमच्या वाचकांस याचें उदाहरण दूर शोधावयास नको. १९३६ सालीं हिंदुस्थानांत आलेल्या डॉ. ऑर्फा स्पायकर या नाझरीन मिशनच्या अमेरिकन डॉक्टरीणबाईंनीं येथें एका जुन्या शाळेच्या इमारतींत रुग्णसेवा सुरू केली आणि तीतूनच पुढें रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय वाढलें. ख्रिस्ती मिशनांसंबंधीं कोणाचें मत कांहींही असो. रात्रपाळीच्या परिचारिकेचें जागणें आणि तिच्यासमोर पडलेल्या रोग्याच्या नातेवाइकाचें जागणें यांतील अंतर ज्यानें एकदां पाहिलें, त्यास तळमळ आणि जागर हा भेद निराळा समजावून सांगावा लागत नाहीं. दोघांसही झोंप नाहीं. पण एकाजवळ भीति आहे, दुसरीजवळ काम आहे.

लक्ष्मीबाईंच्या वैधव्याची वर्षें याच प्रकाशांत वाचलीं पाहिजेत. टिळकांनीं १९१७ सालीं मिशनचा पगार सोडून संन्यस्त वृत्ति पत्करली होती. म्हणजे त्यांच्या मृत्यूच्या वेळीं पन्नास वर्षांच्या या स्त्रीस आर्थिक आधार असा फारसा नव्हता. त्यांच्यामागें राहिलें तें एक अपुरें काव्य. ‘ख्रिस्तायना’चे दहा अध्याय पुरे करून टिळकांनीं अकरावा हातीं घेतला होता. जिला कधीं शाळा ठाऊक नव्हती आणि जिनें अक्षरओळख लग्नानंतर नवऱ्याजवळ करून घेतली, त्या बाईनें पुढें चौसष्ट अध्याय लिहिले. जवळ जवळ हाच प्रकार रमाबाईंचा. मुलगी मनोरमा १९२१ त गेली, स्वतःस ऐकूं येईनासें झालेलें. तरी केडगांवीं साध्या बायकांस कळेल अशा मराठींत पवित्र शास्त्र उतरविण्याचें काम त्यांनीं तडीस नेलें आणि १९२२ त देह ठेवला. दोघींच्याही उत्तरायुष्यांत शोक होता, काळजी होती, शरीराची व्यथा होती. शांति म्हणजे या गोष्टी नाहींशा होणें, अशी व्याख्या केली तर दोघींसही ती मिळाली नाहीं असेंच म्हणावें लागेल.

येथें दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, कीं लक्ष्मीबाई मुळांतच आनंदी स्वभावाच्या. त्यांच्या निर्भयतेचें श्रेय धर्माला कशास द्यावयाचें? यांत तथ्य आहे. जन्मजात विनोदबुद्धि नसती तर हा ग्रंथ असा झाला नसता. पण स्वभाव माणसाला हंसूं देतो. तो त्याला आपल्या चुलीवरचें सोंवळें सोडावयास लावीत नाहीं, आणि प्लेगच्या रोग्याजवळ नेऊन बसवीत नाहीं. दुसरा आक्षेप अधिक जड आहे : अशी शांति आमच्या भक्तिमार्गांत नव्हती काय? होती; आणि टिळकांनीं तुकोबांचें ऋण मान्य केलें तें यासाठींच. परंतु लक्ष्मीबाईंच्या बालपणीं भक्तीचा हा मार्ग घराबाहेर, वारींत आणि कीर्तनांत होता. घरांत होतें तें सोंवळें. त्यांस ख्रिस्ताच्या वाटेनें जें मिळालें तें हेंच, कीं घराच्या आंतला धर्म आणि देवावरचा विश्वास एक झाले. ही वाट त्यांस स्वस्तांत मिळाली नाहीं. आप्तांचा वियोग आणि लोकनिंदा ही तिची किंमत होती, आणि ती बाईंनीं लपविलेली नाहीं. त्याच वाटेनें प्रत्येकानें जावें असें ग्रंथ म्हणत नाहीं, आम्हीही म्हणत नाहीं.

ग्रंथाचे दोषही सांगितले पाहिजेत. बाई घडलेलें सांगण्यांत जितक्या मोकळ्या, तितक्याच मनांतलें सांगण्यांत संकोची आहेत. प्रार्थनेविषयीं, एकांतांतील शंकांविषयीं, वैधव्यांतील पहिल्या रात्रींविषयीं वाचकास पुष्कळ जाणून घ्यावेंसें वाटतें आणि तेथेंच त्या एखादी गंमत सांगून पुढें निघून जातात. टिळकांची सावली पहिल्या भागांवर इतकी दाट आहे, कीं बाईंचें स्वतःचें आयुष्य अनेकदां कोपऱ्यांतूनच पाहावें लागतें. आणि शेवटचा भाग विस्कळीत असून त्यांच्या मृत्यूमुळें अपुरा राहिला आहे. रात्रीं झोंप येत नाहीं म्हणून धीराचीं चार वाक्यें शोधण्यासाठीं जो हा ग्रंथ उघडील, त्याच्या हातीं तीं लागणार नाहींत.

पण आमच्या मतें याच संकोचामुळें ग्रंथ खरा वाटतो. शांतीचें वर्णन करणें सोपें आहे आणि तें बहुधा खोटें वठतें. बाईंनीं वर्णन केलें तें आपल्या भित्रेपणाचें, भांडणांचें, फजितीचें आणि कष्टांचें; शांति त्या सांगण्याच्या सुरांत राहिली. इंग्रजींत त्याचें भाषांतर १९५० सालीं आणि पुन्हां २०१७ सालीं झालें, आणि परक्या वाचकांसही तो भावला; परंतु त्या सुराची खरी ओळख मराठी कानांसच पटते, कारण तो आपल्याच आजीच्या बोलण्याचा सूर आहे. ज्या घरांत रात्रीं दोनप्रहरीं कोणी एकटें जागें असतें, त्या घरांतील धाकट्यांनीं हा ग्रंथ दिवसां मोठ्यानें वाचून दाखवावा. ऐकणाऱ्यास झोंप येईल असें आम्ही म्हणत नाहीं. पण पुढच्या रात्रीं तें माणूस स्वतःविषयीं थोडें कमी आणि शेजारच्या खोलींत निजलेल्यांविषयीं थोडें अधिक विचार करील, असा संभव मोठा आहे.